साहेबांची तपासणी

साहेबांनी हातातल्या रुळाच्या टोकावर माझा कपडा उचलला आणि पाहुण्यांना दाखवला.

पाळीचा कपडा. आईच्या जुन्या लुगड्याचा फाडलेला तुकडा. धुतलेला होता, पण डाग काही निघाला नव्हता. मी तो पेटीच्या तळाशी परकराच्या घडीत दडवला होता. साहेबांनी पेटीच उलटी करायला लावली.

"ये क्या है? कुणाची पेटी ही?"

मी एक पाऊल पुढं झाले. तसा नियमच होता. एक पाऊल पुढं, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर.

"फौजेत असलं किट निघालं असतं तर गोळीच घातली असती," साहेब म्हणाले.

खुर्च्यांवरचे पाहुणे हसले. सभापती हसले, बँकेचे मॅनेजर हसले, फोटो काढायला आलेला हसला. कुठल्याशा महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या, त्यांनी नाकाला पदर लावला. धुऊन वाळवलेल्या कपड्याचा त्यांना कसला वास आला, हे मला अजून कळलेलं नाही.

साहेबांनी रूळ झटकला. कपडा माझ्या पायाशी पडला.

"उचल. आणि काय म्हणायचं?"

"थँक्यू सर," मी म्हणाले.

तेरा वर्षांची होते. पाळी दुसऱ्यांदाच आली होती. आई-बाप कारखान्यावर ऊस तोडत होते, ते पाडव्यालाच येणार होते. कपडा कसा घ्यायचा, हेसुद्धा मला वसतिगृहातल्या शेजारच्या पेटीवालीनं शिकवलेलं.

साहेब गेले त्याला आता वर्ष झालं. पेपरात पानं भरभरून श्रद्धांजल्या आल्या. शिस्तीचा पुतळा. सैनिक ते लोकसेवक. ऊसतोडणाऱ्यांच्या लेकींचा बाप. मी एकूण एक वाचल्या. साहेब युद्धात लढले होते, पायात छर्रे होते, थंडीत लंगडायचे. ते खरं. बंदूक रोखलेल्या शत्रूसमोर जो पळत नाही, त्याला मी मानते. पण फौजेतून परत आल्यावरही साहेबांना समोर उभं राहायला कुणीतरी लागत होतं. परभणी जिल्ह्यात शत्रू कुठून आणायचा? आम्ही सापडलो.

परभणीहून मानवतकडं जाताना रस्त्याच्या कडेला आमचं वसतिगृह लागतं. जिल्हा परिषदेवर दोनदा निवडून आलेल्या साहेबांची ही सगळ्यात मोठी लोकसेवा, असं सगळे म्हणतात. जमीन गावानं दिली. इमारत अनुदानातून झाली. धान्य सरकारचं. स्वयंपाक करणाऱ्या बाईचा पगार सरकारचा. साहेबांचं काय होतं? पाटीवरचं नाव. आणि तो रूळ.

दर रविवारी तपासणी. पटांगणात टॉवेल अंथरायचा. त्यावर ताट, वाटी, कंगवा, वह्या, दोन ड्रेस, आतले कपडे. सगळं रांगेत. मागं पेटी उघडी. साहेब रूळ घेऊन फिरायचे. नखं बघायचे, रुळानं केस बाजूला करून उवा बघायचे. पाहुणे आले की मग तर विचारूच नका. बाजारात जनावराचे दात दाखवतात तसं आम्हाला दाखवायचे. शेवटी सगळ्यांनी एका सुरात "थँक्यू सर". त्यांची स्वतःची लेक पुण्यात शिकत होती. तिची बॅग कुणी चारचौघांत उलटी केल्याचं ऐकलं नाही.

पाडव्याला आई आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिच्या हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते, त्यांना ती तेल लावत होती.

"आगं, साहेब हायेत म्हणून दोन येळचं बसून खायलीस," आई म्हणाली. "तिकडं फडावर पाचटाच्या कोपीत साप निघायलेत. गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. आईवर माझा राग नाही. तिच्यापुढं दोनच गोष्टी होत्या, लेक उसाच्या फडात न्यायची किंवा साहेबांच्या दारात ठेवायची. तिनं त्यातली बरी निवडली. पण लेकीनं अन्नासाठी काय काय सोसायचं हे ज्यानं ठरवलं, तो मात्र आमचा बाप म्हणे! असला बाप शेंदूर फासून देवळीत ठेवा. माझ्या घरात नको.

मी शिकले. पदवी घेतली. आणि याच वसतिगृहाची अधीक्षिका झाले. फार थोर विचार वगैरे नव्हता, नोकरी होती आणि ती मिळत होती. साहेबांच्या संस्थेलाही मी सोयीची होते. पाहुणे आले की मला पुढं करायचे. "ह्या आमच्याच माजी विद्यार्थिनी." मी मान लववून हसायचे.

आता लाजेची गोष्ट. साहेब थकले तसं, चार वर्षं मीही दर रविवारी तपासणी घेतली. हातात रूळ नव्हता, पाहुणे नव्हते, आवाज चढवत नव्हते. पण पोरी पेट्या उघडून सावधान उभ्या राहायच्या आणि शेवटी "थँक्यू मॅडम" म्हणायच्या. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. साहेबांनी मला घडवलं म्हणतात, ते काही अगदीच खोटं नाही.

साहेबांच्या पहिल्या पुण्यस्मरणाची तयारी सुरू झाली, तेव्हा त्यांच्या मुलानं मला ऑफिसात बोलावलं. तो आता संस्थेचा सचिव आहे. सगळे त्याला दादा म्हणतात, मीही म्हणते.

"मॅडम, भाषणं तर सगळेच ठेवतात," दादा म्हणाला. "आपण पाहुण्यांसमोर साहेबांची तपासणी ठेवायलोत. तशीच्या तशी. आन ती तुमी घ्यायची."

काचेच्या कपाटातून रूळ काढून त्यानं माझ्या हातात दिला. सागवानी, टोकाला पितळ. इतकी वर्षं मला तो जड वाटत होता. प्रत्यक्षात अगदीच हलका निघाला. मी "बरं दादा" म्हणाले आणि घेऊन आले. आजही स्वतःच्या त्या "बरं"ची मला किळस येते.

पुण्यस्मरणाच्या दिवशी मांडव घातला. साहेबांचा लष्करी वेशातला मोठा फोटो, त्याला हार. खुर्च्या भरल्या. कुणी गहिवरून बोललं, कुणी बोलता बोलता गहिवरायचं विसरलं. एका वक्त्यानं तर साहेबांची लढाई अशी रंगवली, जणू हा तिथं चहा वाटत होता. मग दादानं माझं नाव पुकारलं. चाळीस पोरी पटांगणात उभ्या होत्या. टॉवेल अंथरलेले, पेट्या उघड्या. मी रूळ घेऊन रांगेतून चालू लागले.

दुसऱ्या रांगेत सातवीतली एक पोरगी होती, पूर्णेकडची. आई-बाप ऊसतोडीला गेलेले. फक्त तिची पेटी बंद होती. ती पेटीपाशी उकिडवी बसली होती, दोन्ही हात झाकणावर.

"उघड की गं," मी हळूच म्हणाले. सवयच ती.

तिनं वर बघितलं. रडत नव्हती.

"म्याडम, आज नगं."

का नको, हे मला विचारावं लागलं नाही. तेरा वर्षांची असताना एवढे दोन शब्द मला सुचले नव्हते. मी "थँक्यू सर" म्हणाले होते. आणि आता तीच मी, पगारी, इस्त्रीची साडी नेसून, त्याच माणसाचा रूळ घेऊन एका लेकराला पेटी उघड म्हणत होते. साहेबांचा मला जितका तिरस्कार वाटत होता, तितकाच त्या क्षणी स्वतःचा वाटला.

मी माघारी फिरले. माईकपाशी गेले.

"पोरींनो, पेट्या झाका. कड्या लावा. आपापल्या खोलीत जा."

झाकणं धडाधड पडली. पोरी पळाल्या. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"या पटांगणात साहेबांनी एका मुलीचा पाळीचा कपडा रुळावर उचलून पाहुण्यांना दाखवला होता," मी म्हणाले. "तिच्याकडून थँक्यू म्हणवून घेतलं होतं. ती तपासणी आज होणार नाही. पुन्हा कधीच होणार नाही."

इतका वेळ साहेबांच्या शौर्यावर तोंड भरून बोलणारे नऊ वक्ते समोर होते. 'पाळी' हा शब्द ऐकून सगळ्यांनी माना खाली घातल्या. शूर माणसं!

दादानं माईक ओढून घेतला. "मॅडमची तब्येत बरी न्हाई," त्यानं जाहीर केलं. मग मला मांडवामागं गाठलं.

"कुणाच्या ताटात जेवलात, विसरल्या का तुमी?"

"ताट सरकारचं होतं दादा. आन घासत आमीच होतो."

रूळ मी त्याच्या हातात दिला आणि वसतिगृहात गेले.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती सातवीतली पोरगी माझ्या दाराशी आली.

"म्याडम, तुमी माईकवर सांगितली ती पोरगी कोण व्हती?"

"होती एक," मी म्हणाले. "जुनी. तुला नाही माहीत."

ती गेली. मी खाटेवर बसून राहिले. शेकडो लोकांसमोर बोलले, आणि एका लेकरासमोर जीभ अडखळली. माईकवरही मी 'एका मुलीचा' म्हणाले होते. 'माझा' म्हणाले नव्हते.

चार दिवसांनी नोटीस आली. दिवंगत साहेबांच्या स्मृतीचा अवमान केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये? संबंधित मुलीचे नाव सादर करावे, अन्यथा आरोप खोटा समजण्यात येईल. नोटिशीला टाचणीनं एक कागद जोडलेला होता. माफीनामा. टाईप करून तयार. फक्त माझी सही बाकी. शिपायानं निरोप सांगितला, "दादा म्हणायलेत, सही करा, मिटून जाईल. लय ताणू नका."

त्यांचा हिशेब सरळ आहे. पाळीच्या कपड्याखाली आपलं नाव कोणती बाई लिहील? साहेबांची सगळी शिस्त याच भरवशावर चालली. आम्ही लाजणार, ते हसणार. त्यांनी लाजायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही.

माफीनामा मी फाडला. खुलासा स्वतःच्या हातानं लिहिला. तो कपडा माझा होता. ती मुलगी मी. मी आजही याच वसतिगृहात आहे. रविवारची तपासणी बंद केली आहे, पोरींना पेट्यांच्या किल्ल्या स्वतःजवळ ठेवायला सांगितलं आहे. माफी मागणार नाही. नोकरीवरून काढायचं तर काढा, मी जिल्हा परिषदेच्या दारात हाच कागद घेऊन उभी राहीन आणि येईल त्याला वाचून दाखवीन. खाली पूर्ण नाव, गाव आणि सही.

उद्या हा कागद संस्थेत द्यायचा आहे. पण सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आधी मी त्या पोरीला बोलावणार आहे. तिनं विचारलं होतं आणि मी खोटं बोलले. तिला आधी सांगणार. संस्थेला नंतर.