सेंदाईचे तीन दिवस आणि बाबांच्या डोक्यातला कोलंबिया

सेंदाईला पानगळ बघायला जाऊ, असं मी बाबांना म्हटलं. तो बहाणा होता आणि तो त्यांनाही कळत होता. खरी गोष्ट अशी की माझ्या धाकट्या भावाला, केदारला, लग्न करायचंय आणि लग्नानंतर कोलंबियात राहायला जायचंय. मुलगी तिथलीच, मार्सेला. दोघंही सेंदाईच्या विद्यापीठात पोस्टडॉक, दोघांचाही विषय ज्वालामुखी, आणि तिच्या गावी, मानिझालेसला, दोघांनाही नोकरी मिळतेय. केदारने हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "तिथे माणसं मारतात." मग ते पुण्याहून माझ्याकडे टोकियोत ओजिमाला आले आणि दहा दिवस त्या विषयावर अवाक्षर नाही. केदारचा रोज मेसेज, "ताई, काही बोलले का?" सगळ्यांच्या मध्ये उभं राहण्याचा मला आता मनापासून कंटाळा येतो, पण तिकिटं शेवटी मीच काढली.

माझ्या कामाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी घरी बसून इंग्रजी मालिकांना मराठी उपशीर्षकं लिहिते, म्हणजे पडद्याच्या तळाशी येतात त्या ओळी. त्यातही बहुतेक अमेरिकन गुन्हेमालिका. आठ वर्षं हेच करतेय, त्यामुळे त्यांचा साचा मला पाठ आहे. एक पथक असतं, त्यांचं स्वतःचं विमान असतं आणि दर भागात एक नवा देश असतो. देश गरीब असेल तर पिवळा उजेड, बाजार, कोंबड्या आणि घामेजलेला, लाच खाणारा स्थानिक पोलीस. पथकाला व्हिसा लागत नाही. वकिलातीतला एक माणूस अर्धा मिनिट कुरकुर करतो आणि मग बाजूला होतो. हे लोक कुणालाही न विचारता दार तोडून आत शिरतात, आणि शेवटी त्या देशानेच त्यांचे आभार मानायचे. मुंबईच्या भागात चर्चगेटसमोर उंट उभा होता. मी निमूटपणे उपशीर्षकं लिहिली आणि पाठवून दिली.

बाबा यातली प्रत्येक मालिका बघतात. त्यामुळे जपानही त्यांना आधीच माहीत होता. आमच्या इमारतीत कचरा वेगळा करायच्या जागी एक आजोबा रोज सकाळी बाटल्यांची झाकणं काढत बसतात. त्यांच्या करंगळीला पट्टी होती. मालिकांतल्या जपानी गुंडांची करंगळी छाटलेली असते, म्हणून बाबा दोन दिवस त्यांच्या हाताकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली, करंगळी जागेवर होती, तेव्हा कुठे बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

आता प्रवासाचं. टोकियो स्टेशनवरून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सेंदाई दीड-पावणेदोन तास, एका माणसाचे साधारण अकरा हजार येन. बस निम्म्याहून स्वस्त मिळते पण पाच-सहा तास लागतात, आणि बरोबर ज्येष्ठ माणूस असेल तर त्या फंदात पडू नये. नवरा आणि लेक शाळा-ऑफिसमुळे घरीच राहिले. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, कारण इथे शाकाहारी म्हणून जे देतात त्यात माशाचं पाणी असतंच. गाडीत सगळे मुकाट जेवत होते. बाबांनीही चटणी हळू आवाजात मागितली.

केदार स्टेशनवर एकटाच आला होता. मार्सेलाला दुसऱ्या दिवशी भेटायचं ठरलं होतं. सामान हॉटेलवर टाकून आम्ही जोझेनजी रस्त्यावर फिरलो. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मध्ये चालायला वाट, पायाखाली तांबूस पानं. नोव्हेंबरच्या मध्यावर याल तर हा रस्ता फुकटात बघायला मिळतो. केदार बाबांना झाडांची नावं सांगत होता आणि बाबा, ज्यांनी उभी हयात कृषी खात्यात काढली, ते नुसतं "हं" म्हणत होते. हॉटेलच्या दारात केदारने विचारलं, "बाबा, उद्या तिच्याशी नीट बोलाल ना?"

"मी कधी कुणाशी वाईट बोललोय?" बाबा म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मात्सुशिमा. सेंदाईहून लोकलने चाळीस मिनिटं, भाडं पाचशे येनच्या आत. खाडीत शेकडो छोटी बेटं आहेत आणि प्रत्येकावर पाइनची झाडं. बोटीची फेरी तासाभराची. फोटोत दिसतं तितकंच सुंदर आहे, आणि तितकीच गर्दीही. मार्सेला तिकीटखिडकीपाशी उभी होती, हातात कापडात बांधलेला डबा. तिने बाबांना वाकून "बाबा-सान" म्हटलं. सान म्हणजे आपलं 'जी', आणि 'बाबा' केदारने शिकवलं असणार. बाबांनी हात जोडले आणि बोटीत तिच्यापासून दोन बाकं सोडून बसले.

जेवायला आम्ही किनाऱ्यावरच्या बाकांवर बसलो. इथे खाताना डोक्यावर लक्ष ठेवा, घारी हातातला घास उचलून नेतात. मार्सेलाने डबा उघडला. आत कच्च्या केळ्याचे तळलेले, चपटे काप होते. मीठ आणि लसूण, बाकी काही नाही. बाबांनी एक खाल्ला, मग दुसरा घेऊन उलटसुलट करून पाहिला. पुढचं संभाषण इंग्रजीत झालं, मी मराठीत लिहितेय.

"हे केळं कुठलं?"

"टोकियोहून मागवलं, गोठवलेलं. घरी माझ्या मामाच्या शेतातलं असायचं."

बाबांनी नोकरीतली पंधरा वर्षं जळगावकडे काढलीत. केळ्याचा विषय निघाल्यावर त्यांना गप्प बसणं शक्यच नव्हतं. "तुमच्याकडे पानांवर करपा येतो?" त्यांनी विचारलं. केदारने करपा कसाबसा समजावून सांगितला. येतो, ती म्हणाली. मग फवारता काय, हे बाबांनी विचारलं.

"मामाने काही फवारलं नव्हतं," ती म्हणाली. "विमानांनी फवारलं."

तिचा मामा देशाच्या दक्षिणेला राहायचा. पलीकडच्या डोंगरावर कुणीतरी कोका लावला होता, ज्यापासून कोकेन करतात. तो नष्ट करायला विमानं आली. पैसा अमेरिकेचा, तणनाशक अमेरिकेने पुरवलेलं, परवानगी त्यांच्याच सरकारची. मामाची केळी पंधरा दिवसांत करपली. तक्रार करायला गेला तर त्याला विचारलं, तुझ्या शेतात कोका नव्हता हे सिद्ध कर. शेवटी तो मानिझालेसला बहिणीकडे आला. आता शाळेची बस चालवतो.

"वारा किती होता त्या दिवशी?" बाबांनी विचारलं.

"मी नऊ वर्षांची होते, बाबा-सान. मला नाही माहीत."

"पण असणारच. नाहीतर एवढं उडत नाही." बाबांचा आवाज चढला होता. "वारा असताना फवारायचं नाही, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो. शेजाऱ्याच्या पिकावर चार थेंब उडाले तरी लोक बांधावर भांडायला येतात, आणि ते बरोबरच असतं. त्याचा पंचनामा नाही केला कुणी?"

"पंचनामा म्हणजे?" मार्सेलाने केदारला विचारलं. केदार समजावत असताना बाबा माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "मनू, हे मी पाहिलंय. तुझ्या मालिकेत. विमानं येतात, खाली हिरवा डोंगर, आणि तो टोपीवाला म्हणतो, 'डोंगर साफ झाला.' मी तेव्हा म्हटलं, बरं केलं."

ती ओळ माझी होती, सबंध कोलंबियात घडणाऱ्या एका मालिकेतली. मूळ वाक्य लांबलचक होतं, त्यात मोहिमेचं नाव होतं, औषधाचं नाव होतं. पडद्यावर दोन ओळी मिळतात, त्या दोन सेकंद राहतात, आणि तेवढ्यात माणसाचं वाचून व्हायला हवं. म्हणून मी 'डोंगर साफ झाला' असं लिहिलं होतं. त्या दिवशी मला ती ओळ चटपटीत वाटली होती, हेही सांगून टाकते.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, अजून एक आहे. त्या मालिकेत जे सगळं घडतं ते सगळ्या देशात नाही घडत. दक्षिणेतला एक जिल्हा आहे. त्याचं नाव ओळीत मावत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक वेळी नुसतं कोलंबिया लिहिलं."

"प्रत्येक वेळी?"

"सहाही सीझन."

बाबांनी हातातला काप खाली ठेवला. "अगं, रावेरला गारपीट झाली म्हणून कुणी भारत बुडाला असं लिहिलं तर चालेल का?"

केदार मात्र चिडला. तो सहसा चिडत नाही. "ताई, दोन महिने मी यांची समजूत घालतोय. हे तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस?" मी म्हटलं, मला सुचलंच नाही. ते अर्धंच खरं होतं. सुचलं होतं, पण बाबांच्या भीतीत माझाही हात आहे हे मला कबूल करायचं नव्हतं. लाज वाटत होती. मार्सेलाला मराठी कळत नव्हती पण चेहरे कळत होते. तिने डबा पुढे केला आणि ती म्हणाली, उरले तर घारी नेतील.

नंतर बाबांनी तिला सरळ विचारलं, "मानिझालेसला भीती आहे की नाही?"

"आहे," ती म्हणाली. "रस्त्यात फोन हातात धरून चालायचं नाही. काही वस्त्यांत अंधार पडल्यावर जायचं नाही. आणि ज्वालामुखी धुमसतोय, तो तर आमचा विषयच आहे." तिने काहीच गोड करून सांगितलं नाही. परतीच्या लोकलमध्ये बाबा तिच्या शेजारी बसले आणि सेंदाईपर्यंत तिला उतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, केळीची रोपं म्हणजे काय ते सांगत होते. मी समोर बसून डोळे मिटले, झोप मात्र आली नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी दुपारची होती. सकाळी बाबा आणि मी स्टेशनजवळच्या एका दुकानात झुंदा मोची खाल्ली. हिरव्या सोयाबीनचं गोड वाटण आणि आत तांदळाच्या पिठाचा चिकट गोळा. शाकाहारी मंडळींनी सेंदाईत हमखास खावी अशी हीच एक गोष्ट. मी बाबांची माफी मागितली. म्हटलं, तुम्हाला असल्या मालिका आवडतात हे माहीत होतं, मी जपून लिहायला हवं होतं.

"मला कुठे आवडतात?" बाबा म्हणाले. "तुझी आई गेल्यावर संध्याकाळ सरायची नाही. एकदा शेवटी तुझं नाव दिसलं. मराठी उपशीर्षकं, आणि खाली तू. तेव्हापासून बसतो. पण ते नाव मेलं फार पटकन जातं. पुढचा भाग आपोआप सुरू होतो. म्हणून शेवटचा गोळीबार सुरू झाला की मी रिमोट हातात घेऊन बसतो."

दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो, "बघितला तुझा भाग." मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला गोळीबार आवडतोय, आवडू दे.

फलाटावर दोघंही सोडायला आले होते. बाबांनी केदारच्या खांद्यावर हात ठेवला. "मला भीती वाटते. ती अशी दोन दिवसांत जायची नाही. पण तू जा. लग्नाला मी येईन. मला तिच्या मामाशी बोलायचंय, शेत कुठल्या अंगाला होतं, वारा कुठून येतो, सगळं विचारायचंय." केदार भर फलाटावर त्यांच्या पाया पडला. मार्सेला आधी जपानी पद्धतीने वाकली, मग केदारकडे बघून तीही खाली वाकली. गाडी वेळेवर सुटली.

घरी येऊन आता महिना झाला. बाबा पुण्याला परतलेत, लग्न उन्हाळ्यात मानिझालेसला आहे, तिकिटं बघणं चालू आहे. जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की सेंदाईला दोन रात्री पुरतात आणि स्वेटर लागतो. खर्चाचं मला पुढे काही वाटलं नाही. मी दमलेय, पण तो प्रवासाचा शीण नाही. काम सोडावं असंही मनात आलं, पण सोडलेलं नाही, घराला ते लागतं. त्या मालिकेचा सातवा सीझन आला. या वेळी मी जिल्ह्याचं नाव पूर्ण लिहिलं. ओळ लांब होते म्हणून फाइल परत आली, तेव्हा नायकाचं वाक्य कापलं.

पहिला भाग लागला त्या शुक्रवारी बाबांचा फोन उशिरा आला. "मनू, या वेळी नाही बघितला गं. यापुढे नाही बघणार म्हणतो. रागावलीस का?"

"नाही बाबा," मी म्हटलं. खरंच रागावले नव्हते. फोन ठेवल्यावर मात्र खूप रडले. आठ वर्षांत माझं नाव वाचणारा तो एकच माणूस होता, आणि आपल्या मुलाला निर्धास्तपणे जाऊ देता यावं म्हणून त्याने तेही सोडलं.