कोळ्याचं कवाड

दुष्काळाच्या आदल्या वर्षी, आम्हा शाळेतल्या पोरांना किडे दाखवायला नगरहून एक बाई कोल्हारला आल्या होत्या. पायात कॅन्व्हासचे बूट. प्रवरेकाठी त्या चक्क पालथ्या पडल्या आणि एका बिळाला डोळा लावून गप्प झाल्या.

वाटेनं चाललेल्या माझ्या चुलतीला वाटलं, फेफरं आलं. तिनं पाटीतला कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावला.

बाई शिंकल्या, पण उठल्या नाहीत. "अहो, कोळ्याच्या घरात डोकवायचं तर त्याच्याएवढं व्हायला नको?"

मग चुलतीही शेजारी पालथी झाली. बिळाला मातीचं उघडमीट करणारं झाकण होतं.

"अगं बया! किड्यानं कवाड केलं," ती माझ्यावरच कडाडली, "आन् तुजा काका न्हाणीला अजून गोणपाटच लावतुया!"

दिवाळीच्या आत कवाड लागलं. बसवताना काका पुटपुटत होते, "कोन ती पालथी बाई!"