हरेश्वरचा पास

हरेश्वर गेला हे मला बँकेत काउंटरवर बसलेलो असताना कळलं. कल्याणहून अरविंदचा फोन आलेला. अरविंद म्हणजे विद्यापीठाच्या आमच्या बास्केटबॉल संघाचा तेव्हाचा कप्तान. पंधरा वर्षं झाली तरी संघातल्या कोणाचंही बरंवाईट आधी त्यालाच कळतं. "सुहास, हऱ्या गेला रे," तो म्हणाला. कावीळ झालेली, आठ दिवसांत सगळं आटोपलं. सदतीस वर्षांचा माणूस, ताडासारखा उंच, कधी साधा ताप आलेला आठवत नाही... समोरच्या बाईंना "पाच मिनिटं हं" म्हणालो आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. लाज वाटते, पण खरं सांगतो, त्या क्षणी मनात आलं ते त्याच्या बायकोचं किंवा पोरीचं नव्हे. आता सांगू कोणाला, हे आलं. हरेश्वरला एक गोष्ट सांगायची माझ्याकडून पंधरा वर्षं राहिली होती. ती सांगायलाच हे लिहायला बसलोय.

विद्यापीठाचा संघ म्हणजे त्या काळी मुंबईतल्या चार बड्या कॉलेजांची जहागीर. बारा जणांत नऊ-दहा त्यांचेच. त्यांच्याकडे गुळगुळीत कोर्ट, काचेचे बोर्ड, आणि बूट तर असे की आम्ही नुसतं बघत बसायचो. मुलुंडच्या पुढचा पोरगा चाचणीला आला की विचारायचे, "गावाहून का?" त्या वर्षी आम्ही तिघं गावाकडचे निवडलो गेलो. कल्याणचा अरविंद, डोंबिवलीचा मी, आणि ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला हरेश्वर. पहाटे वडिलांबरोबर जाळं ओढून तो तसाच चाचणीला आलेला. एका गोऱ्यागोमट्या पोरानं नाक मुरडलं, "फिश मार्केट आला रे!" हरेश्वर शांतपणे म्हणाला, "वास येतो ना? मग जवळ येऊ नको. मोकळा सोड मला." आणि त्या पोराच्या नाकासमोरून त्यानं लागोपाठ तीन बास्केट टाकल्या. सर, म्हणजे आमचे प्रशिक्षक, तोंड फिरवून हसले. त्याचं नाव त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं.

पण बास्केट टाकणं हे त्याचं खरं काम नव्हतंच. त्याचं काम पास देण्याचं. तो पास मी कसा सांगू तुम्हाला! तुम्ही जिथे आहात तिथे तो यायचाच नाही, तुम्ही जिथे पोचणार तिथे यायचा, आणि यायचा तो सणसणीत. तळवे अर्धा तास चुरचुरत राहायचे. सुरुवातीला मी वैतागायचो, "अरे, माणूस आहे मी, भिंत नाही!" त्यावर तो आपले हात पुढे करायचा, दोरीनं घट्टे पडलेले, आणि म्हणायचा, "जाळं काय हलक्या हातानं येतं काय रे?" पण सवय झाल्यावर असं झालं की दुसऱ्या कोणाचा पास आला की मला तो गुळमुळीत वाटायचा. हरेश्वरचा पास हातात बसला की पुढची बास्केट जवळजवळ झालेलीच असायची. आयुष्यात पुन्हा कोणी माझ्यावर तेवढा भरवसा टाकला नाही.

रोज सकाळी ठाण्यातल्या एका शाळेच्या मैदानावर आम्ही तिघंच सराव करायचो. आमच्या खुणा आम्ही स्टेशनांच्या नावांनी ठरवलेल्या. 'शहाड' म्हणजे लांबून टाकायचं, 'कोपर' म्हणजे थांबायचं आणि चेंडू परत द्यायचा, आणि 'ठाकुर्ली' म्हणजे मी डावीकडून बास्केटखाली पळायचं, पास तिथे येणार. मुंबईची पोरं चक्रावून जायची. "ठाकुर्लीला आहे काय एवढं?" कोणी विचारलं की हरेश्वर म्हणायचा, "रेल्वेचं पॉवर हाउस." सराव झाला की त्याच्या घरी जायचं. त्याची आई ओट्याशी बसून गरम भाकऱ्या थापायची आणि खाडीतल्या बोयी माशाचं कालवण वाढायची. मी शाकाहारी घरातला. पहिल्या दिवशी नुसती भाकरी खात बसलो तर ती म्हणाली, "ह्यो पोर काय आजारी हाय का रं?" तिसऱ्या दिवशी मी काटे काढायला शिकलेलो. घरी आईला अजूनही ठाऊक नाही. आता हे छापून आल्यावर कळेल, कळू दे.

तर तो सामना. आंतरविद्यापीठ स्पर्धेची उपांत्य फेरी, परगावी. जिंकलो असतो तर विद्यापीठाचा संघ बऱ्याच वर्षांनी अंतिम फेरीत गेला असता. सरांनी सकाळीच कानात सांगून ठेवलेलं की एका बँकेचे साहेब खेळाडू निवडायला आलेत, पहिल्या रांगेत बसतील. आमच्यासारख्या पोरांना त्या काळी खेळावर नोकरी मिळणं म्हणजे काय होतं, ते वेगळं सांगायला नको. मी त्या दिवशी बरा खेळत होतो. शेवटची काही सेकंदं उरली, आम्ही एका गुणानं मागे. हरेश्वरनं समोरच्याच्या हातातून चेंडू काढला आणि ओरडला, "ठाकुर्ली!" मी पळालो. बास्केटखाली मी एकटा, आजूबाजूला चिटपाखरू नाही. आणि त्या एका क्षणाला मी मान वळवली. पहिल्या रांगेतले साहेब माझ्याकडे बघतायत का, हे बघायला... चेंडू बोटांना लागला आणि रेषेबाहेर गेला. शिट्टी वाजली, सामना हातचा गेला.

कपडे बदलायच्या खोलीत सरांनी विचारलं, "काय झालं रे सुहास?" मी रडत होतो. आणि मी म्हणालो, "सर, पास फार जोरात आला."

हरेश्वर बुटाची नाडी सोडत बसलेला. त्यानं मान वर केली. मला वाटलं आता आईबहीण काढणार, आणि काढायलाच हवी होती. पण तो खरोखरच विचार करायला लागला. पास मनात पुन्हा टाकून बघत असावा. मग म्हणाला, "आला असंल, सर. हात जड हाय माझा." बस्स. पुढच्या वर्षीच्या सराव शिबिराच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. "गुणी आहे, पण हात आवरत नाहीत त्याला," सर म्हणाले. साहेबांनी मला बँकेत घेतलं, कारण बाकीची स्पर्धा मी चांगली खेळलो होतो. हरेश्वर वडिलांच्या होडीवर गेला. मग कारखान्यांच्या पाण्यानं खाडीतली मासळी संपत आली तसा तो एका शाळेत शिपाई म्हणून लागला. तिथल्या मैदानाच्या कडेला पडून असलेला बास्केटचा खांब त्यानं स्वतः रंगवून उभा केला आणि पोरांना शिकवायला लागला.

सांगायला काय लागतं हो? दोन वाक्यं. त्याच्या हळदीला गेलो ते सांगायचं ठरवूनच. तिथे बँडवाले असे पेटलेले की म्हटलं, आज नको. मुलगी झाली, बारशाला गेलो, तिथेही नाही. रस्त्यात भेटला की लांबूनच हात करायचा, "हा बघा आमचा बँकवाला!" आणि बरोबरच्या माणसाला कौतुकानं सांगायचा की हा काय खेळायचा माहितीये का. त्याच्या मनात काही असतं, एखादा टोमणा मारला असता, तर मी सांगितलंही असतं. त्याच्या मनात काहीच नव्हतं, आणि त्यानं माझी जीभ आणखी जड व्हायची.

गेल्या वर्षी विद्यापीठानं पुरुषांच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास काढायचं ठरवलं, स्मरणिकेसाठी. अरविंदनं ते माझ्या गळ्यात मारलं. जुन्या खेळाडूंना गाठत, मातीच्या कोर्टाच्या आणि लाकडी बोर्डांच्या दिवसांपासूनच्या आठवणी टिपत मी हिंडलो. हरेश्वरकडे शेवटी गेलो, मुद्दाम शेवटी. शाळा सुटलेली, मैदानावर वीस-पंचवीस मुलंमुली आणि नुसता कल्ला. जो तो पास देण्याआधी दुसऱ्याचं नाव घेऊन ओरडत होता. मी म्हटलं, "हऱ्या, हे काय, हजेरी चाललीय का?"

"नियम हाय आपला," तो म्हणाला. "आधी नाव घ्यायचं. मग त्याचे हात बघायचे. मग चेंडू सोडायचा, तोही अलगद. तुझ्या त्या पासावरनं शिकलो. तू तयार हायस का नाय ते मी बघितलंच नाय रे. नुसता जोर लावला. तू किती रडलेलास... मना अजून दिसतं ते."

माझ्या हातात वही होती. तो पुढे म्हणाला, "तुझ्या इतिहासात तसं लिही. पास हरेश्वरचा चुकला म्हणून. बाकी कोणाला बोल नको लागायला."

आणि मी लिहिलं. सरळ, सुवाच्य अक्षरात लिहिलं, त्याच्या देखत. त्यानं वाकून वाचलं आणि "बरोबर" म्हणाला. स्मरणिका छापून आली, त्यात ते वाक्य आहे. ज्यांच्याकडे ती असेल त्यांनी कृपा करून ते खोडावं. पास अचूक होता. मी बघत नव्हतो.

बाराव्यानंतर एका संध्याकाळी पाय आपोआप त्या मैदानाकडे वळले. वाटलेलं सामसूम असेल. पण पोरं खेळत होती, आणि मधोमध उभी राहून हरेश्वरची प्रणाली, अकरा वर्षांची, त्यांच्यावर ओरडत होती. हातपाय लांब, बापासारखेच. मला बघून आली. "काका, खेळणार? नाव काय तुमचं?"

"सुहास."

तिनं चेंडू कमरेवर घेतला. "म्हणजे आमच्या बाबांचा पास जोरात लागलेला ते?"

"नाही गं," मी म्हणालो. "पास बरोबर आलेला. मीच दुसरीकडे बघत होतो."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा हे तोंडातून बाहेर पडलं. तीही विचार करायला लागली. विचार करताना कपाळाला पडणारी आठी त्याचीच.

"बाबांना सांगितलंत?"

"नाही... राहिलं."

ती चार पावलं मागे गेली, घसा ताणून ओरडली, "सुहासकाका!", माझ्या हातांकडे बघितलं आणि चेंडू सोडला. तो अलगद आला, अगदी तळव्यांत येऊन बसला. काही लागलं नाही, काही चुरचुरलं नाही. माझे डोळे भरून आले. मी चेंडू परत दिला आणि म्हणालो, "प्रणाली, एक टाक ना, चांगला जोरात."

"नाही हं," ती म्हणाली. "बाबा ओरडायचे."