कासिमचाचांची लाँच आणि आमच्या ट्रायली

दुबईत अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये आम्ही एसीच्या डक्टसाठी पत्रा कापायचो. कोपऱ्यात कात्रणं साठत राहायची. मुद्दाम कुणी साठवत नसे, पण झाडायला घेतलं की पोतं भरायचं, आणि कुणाचा तरी हात कापायचाच. किस्से तसेच असतात.

परवा पुतण्याचा फोन आला. विलायतेला फिरायला चाललाय. तिथे कालव्यावर लांबुळकी बोट भाड्याने मिळते म्हणे. आपणच चालवायची, आपणच रांधायचं, आतच झोपायचं. "काका, तुम्हाला नाही कळणार. एकदम युनिक कन्सेप्ट आहे!"

अरे युनिकवाल्या! तू चड्डीत मुतत होतास तेव्हा तुझ्या सातवी नापास काकाने हे सगळं करून झालं होतं. टिपा हव्यात ना? ऐक.

*

फुजैराच्या बाजूला एक खोर होती. खोर म्हणजे आपली खाडीच, दोन्ही बाजूंनी तिवरं. तिथे कासिमचाचा नावाच्या बलुची म्हाताऱ्याची जुनी लाँच पडून असायची. मासेमारीतून रिटायर झालेली, लांब, अरुंद, वर पत्र्याचं छप्पर. ईदच्या सुट्टीत चाचा ती भाड्याने द्यायचे. अट एकच: "खोर में जितना मर्जी घूमो. बाहर समंदर में गया तो खलास!"

ही लाँच शोधली आमच्या दत्तारामने. माझ्याच लेबर कॅम्पमधला, देवगडकडचा. डक्ट पोचवायला गेला आणि लाँच बघून वेडा होऊन आला.

"भाऊ, सुनंदाला एकदा आणायची. त्या छपराखाली बसवायची आणि अख्खी खोर दाखवायची."

"मेल्या, आपल्या व्हिसावर बायको येते काय?"

ते खरंच होतं. आमच्यासारख्यांना बायकोपोरं आणायची परवानगी नव्हती. पण कंपनीचे अकाउंटंट जोशीसाहेब, पुण्याचे, दुबईतल्या करामा भागात फॅमिलीसकट राहणारे, जोरात म्हणाले, "मी काढतो व्हिजिट व्हिसा. इन्शाल्ला!"

मग ठरलं की सुनंदावहिनी येईपर्यंत आपण ट्रायल घ्यायची. दर ईदला.

पहिल्याच ट्रायलला जोशीसाहेबांनी चाचांना विचारलं, "इसका ब्रेक किधर है?"

चाचांनी वर बोट दाखवलं. "ब्रेक उसके पास है, साहब."

टीप अशी की बोट ताब्यात घेण्याआधी मालकाला सगळं विचारावं. उत्तर ऐकून घाबरू नये.

*

लाँचच्या सुकाण्याची गंमत म्हणजे दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. आम्ही साहेबांना समजावलं. साहेब म्हणाले, "मला दुबईचं लायसन्स आहे." दुबईचं लायसन्स काढायला माणसाचे किती जोडे झिजतात ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक, त्यामुळे आम्ही दांडा त्यांच्या हाती दिला.

वळण आलं. साहेबांनी आधी हात बाहेर काढून सिग्नल दिला. कुणाला दिला ते विचारू नका. मग दांडा वळवला आणि लाँच थेट तिवरात घुसली! फांद्या आत, छपरावर खेकडे टपाटप.

दत्ताराम ओरडला, "साहेब, काय करताय!"

साहेब लालबुंद. "राइट ऑफ वे माझा होता!"

मी म्हटलं, "माझ्याकडे बघून काय सांगताय? झाडाला सांगा."

*

पुढच्या ईदला दत्तारामने नारिंगी लाइफ जॅकेट आणलं. सुनंदावहिनींसाठी. साइज काय घ्यायचा? तर गावी जाणाऱ्या एकाच्या बॅगेत घालून त्याने ते मापाला पाठवलं!

गावाहून फोटो आला. वहिनी विहिरीपाशी उभ्या, साडीवर जॅकेट, सगळे पट्टे आवळलेले, आणि चेहरा असा गंभीर की जणू पासपोर्टचा फोटो काढतायत. फोनवर निरोप आला, "काखेत काचतंय."

दत्तारामने मोठा साइज आणला आणि कॅम्पमध्ये पलंगाखाली ठेवून दिला. पहिल्या जॅकेटचं काय झालं म्हणून मी विचारलं.

"पावसात शेतावर जाताना घालते म्हणे. ऊब असते."

आम्ही हसून हसून लोळलो. तोही हसला. पण फोटो काही कुणाला परत दाखवला नाही त्याने.

*

दोर बांधताना ढील सोडावी. ही टीप सोन्याची आहे.

एकदा भर भरतीला आम्ही लाँच खांबाला बांधली, चांगली करकचून. मटण शिजत ठेवलं आणि जरा पाठ टेकली. जाग आली ती किंचाळ्यांनी! पाणी गेलेलं खाली, लाँच एका अंगावर कलून दोराला लटकलेली, पातेलं घसरत घसरत जोशीसाहेबांच्या पायाशी, आणि साहेब भिंतीवर पालीसारखे चिकटलेले.

"अहो, तुम्ही सगळे खाडीकाठचे ना?" साहेब तिथूनच ओरडले. "ओहोटी असते हे ठाऊक नाही?"

ठाऊक होतं हो! आमची बाळपणं ओहोटीच्या चिखलात गेली. पण खरं सांगू? गल्फमध्ये इतकी वर्षं राहिलं की माणसाला वाटायला लागतं, पाणी खालीवर झालं तर मेंटेनन्सवाले येऊन बघतील!

दत्ताराम चिखलात उतरून दोर सोडत होता. तोंडाने चालूच होतं, "बरं झालं, ट्रायललाच झालं. सुनंदा असती तर घाबरली असती."

*

सुनंदावहिनी मात्र येत नव्हत्या.

एका ईदला घराचं छप्पर दुरुस्तीला निघालं. एकदा नणंदेचं लग्न. मग मुलीची दहावी, मग बारावी, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. इकडे आम्ही मात्र ट्रायलवर ट्रायल घेऊन पार कॅप्टन झालो. कुठे पाणी उथळ, कुठे खंड्या बसतो, सगळं पाठ. एक अरुंद वळण होतं. तिथे दोन्हीकडची तिवरं वर एकमेकांना भेटायची आणि पाणी हिरवंगार व्हायचं. दत्तारामने ते वळण फोनवरून बायकोला इतक्यांदा सांगितलं होतं की कॅम्पमधल्या पठाणालाही पाठ झालं होतं.

एकदा साहेब नेहमीसारखं म्हणाले, "या वर्षी व्हिसाचं नक्की. इन्शाल्ला!"

दत्तारामने हात जोडले. "साहेब, एकदा 'नाही' म्हणून बघा ना. इन्शाल्लाने तर काय होत नाय."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून ते स्वतः व्हिसाचे अर्ज भरणाऱ्या टायपिंग सेंटरला गेले आणि व्हिसा मिळेपर्यंत मागेच लागले. तोपर्यंत सासूबाई गेल्या होत्या, मुलीचं लग्न झालं होतं, आणि दत्ताराम मिशीला कलप लावायला लागला होता.

*

आता शेवटचा किस्सा.

सुनंदावहिनी आल्या. एअरपोर्टवर दत्ताराम समोर उभा, तरी त्या त्याच्या मागे बघत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, हाच तो! जरा जुना झालाय, पण ओरिजिनल आहे." तेव्हा कुठे हसल्या.

उतरायची सोय साहेबांच्या घरी. दत्तारामला नेमका ओव्हरटाइम लागला. बिल्डिंग हँडओव्हर होती, रजा मिळेना. तो रात्री तासभर करामात जाऊन भेटून यायचा. वहिनींना रिकामं बसवेना. साहेबांच्या घरचे डबे घासून झाले, कपाटं लावून झाली, लोणचं घालून झालं. साहेबांची मिसेस कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, ऐकतच नाहीत त्या!" साहेबांची मुलगी म्हणाली, "आंटी, प्लीज सिट!" तरी नाही.

शेवटी ईद उगवली. त्याच रात्री वहिनींचं परतीचं विमान.

सकाळी सकाळी खोरीवर पोचलो. चाचांनी लाँच धुऊन ठेवली होती. दत्तारामने छपराखाली गादी घातली, उशी ठेवली. वहिनींनी बसल्याबसल्या मासळीच्या पिशवीला हात घातला.

"आज हात लावायचा नाय," दत्ताराम म्हणाला. "आज नुसतं बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

वहिनी बसल्या. आम्ही सामान चढवत होतो, साहेबांची वाट बघत होतो. ते टोपी शोधत होते. वहिनींनी पाठ टेकली. मग मान उशीवर गेली. साहेब चढले, दोर सुटला, आणि आम्ही वळून बघतो तर वहिनी गाढ झोपलेल्या, तोंड किंचित उघडं.

मी इंजिनाला हात घातला, तर दत्तारामने मनगट धरलं. डोक्याने नको म्हणाला. बांबू उचलला आणि लाँच हळूहळू ढकलायला लागला.

एवढी वर्षं आम्ही त्या खोरीत बोंबललो, भांडलो, भजनं म्हटली. त्या दिवशी कुणी खोकलंसुद्धा नाही. आळीपाळीने बांबू मारला. खंड्या बसला होता. उडाला. ते हिरवं वळण आलं. दत्ताराम बांबू ठेवून बायकोजवळ गेला. हात खांद्यापर्यंत नेला.

जोशीसाहेब कुजबुजले, "उठव रे तिला! हेच तर दाखवायचं होतं."

दत्तारामने हात मागे घेतला. "असू दे, साहेब. झोपलीय."

त्याने तिच्या पायांवर चादर घातली आणि वळण पार होईस्तोवर तिथेच बसला.

उन्हं उतरली तेव्हा आम्ही परत धक्क्याला लागलो. चाचांनी दोर खांबाला टाकला, लाँचला बारीक हिसका बसला, आणि वहिनी दचकून उठल्या. पदर सारखा केला. आमच्याकडे बघितलं, चाचांकडे, सकाळच्याच खांबाकडे बघितलं.

"अगो बाई, डोळा लागला वाटतं," त्या म्हणाल्या. "आले का सगळे? निघायचं ना आता?"

आम्ही सगळे दत्तारामकडे बघत राहिलो.

"हो तर," तो म्हणाला. "तू आधी चहा घे."