आधी आपण बसायचं

बातमी आली तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात आला आणि ऑफिसात फोन आहे म्हणाला. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, त्यामुळे ऑफिसापर्यंत जायला मला वेळ लागतो. पायाला बांधलेल्या धातूच्या आधाराचा, कॅलिपरचा, खटखट आवाज करत मी व्हरांडा पार केला आणि फोन घेतला. पलीकडे रशीदभाई होते. मामाजींच्या वर्कशॉपात ते कित्येक वर्षं वेल्डिंग करतात. "बाई, मामाजी गेले... घाटावर. नदीच्या तिकडल्या बाजूले." मी विचारलं, "नाव बुडाली का?" "नाई." "पाणी भरलं होतं का नावेत?" "नाई बाई, कोरडी होती. एकदम कोरडी." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. हेडमास्तर माझ्याकडे बघतच राहिले. सख्खा मामा गेल्याचं ऐकून नाव कोरडी होती का, असं विचारणारी भाची त्यांनी याआधी पाहिली नसावी. मी वर्गावर परत गेले, फळ्यावरची तारीख पुसली, पुन्हा तीच लिहिली आणि अपूर्णांक शिकवायला लागले. घंटा होईपर्यंत शिकवले. मुलं नेहमीपेक्षा शांत होती, एवढंच आठवतं.

नावेचं आधी सांगते, कारण गावात त्यावरून नाही नाही ते बोललं गेलं. वैनगंगेच्या अलीकडे आमचा चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. पूल तिथून दूर आहे, म्हणून घाटावर सोमाभाऊ नावाडी लोखंडी पत्र्याच्या नावेतून माणसं, सायकली, बकऱ्या, धानाची पोती असं सगळं नेतात. यंदा नावेचा तळ गंजून चाळणी झाला. मामाजींनी तळाचा सडका पत्रा कापून काढला, नवा बसवला, रिवेट ठोकले, रशीदभाईंनी कडा वेल्ड केल्या. आणि मग मामाजी, पंचाहत्तरीला टेकलेले, खाकी हाफ पँट घालून एकटे नावेत बसले. दुसऱ्या कुणाला चढू दिलं नाही. सोमाभाऊंनी वल्हं मारत त्यांना पलीकडे नेलं. मामाजी उतरले, ओणवे होऊन नावेच्या तळावरून हात फिरवला, "कोरडा आहे," म्हणाले, मोहाच्या झाडाखाली टेकले आणि तिथंच मान टाकली. हृदयाचा झटका, डॉक्टर म्हणाले. त्यांना अलीकडे आणलं तेही त्याच नावेतून. म्हणजे त्या तळावर पहिल्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या आणि दोन्ही वेळा प्रवासी तेच होते.

पण गावाला बुडून मेलेला म्हातारा हवा होता. "बुढा आपल्याच नावेत डुबला म्हन्ते," असं मी स्वतःच्या कानांनी आमच्या मूल गावच्या बाजारात ऐकलं. मी तिथंच भांडले. भाजीवालीनं मेथीची जुडी हातात तशीच धरून ठेवली होती. आता महिना उलटून गेला, इतके दिवस मला रडू आलं नाही, पण नाव गळली असं कुणी म्हटलं की मात्र मी थांबत नाही. हा लेख लिहायला बसले त्यालाही थोडंफार हेच कारण आहे.

मामाजी म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मॅट्रिक झाले आणि पन्नासच्या दशकात वायुदलात फिटर म्हणून भरती होऊन पुण्याला गेले. आमच्या वस्तीतला पहिला पोरगा, ज्यानं विमानाला हात लावला. ते ज्या विमानावर होते त्याचं नाव लिबरेटर. हे नाव आमच्या घरात देवाधर्मासारखं... देव तर आमच्या घरी छपन्न सालच्या धम्मदीक्षेनंतरच बंद झाले, त्यांच्या जागी ते विमान आलं, असं आई म्हणायची. चार इंजिनांचं, अमेरिकेत बनलेलं बॉम्बर. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन फौजा ही विमानं कानपूरला टाकून गेल्या आणि जाता जाता ती कुणाच्या कामी येऊ नयेत अशी मोडून गेल्या. अंगावर ट्रक घातले, इंजिनांत वाळू ओतली, पत्र्याला भोकं पाडली. मामाजी तेव्हा शाळकरी पोर होते, त्यांनी हे काही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण राग मात्र पिढीजात असल्यासारखा. "नाई द्याचं तं नोका देऊ, मोडता काऊन बे?" असं ते कुणाच्याही लग्नात, जेवणाच्या पंगतीत, समोरच्या अनोळखी माणसाला विचारायचे. त्या बिचाऱ्याला वाटायचं आपल्या हातून काही मोडलं की काय.

देश स्वतंत्र झाला, सरहद्द पेटली आणि नव्या वायुदलाजवळ असं मोठं बॉम्बर एकही नव्हतं. तेव्हा बंगळूरच्या कारखान्यातली माणसं कानपूरच्या त्या भंगारात शिरली. याचा पंख त्याला, त्याचं चाक याला, असं करून विमानं पायावर उभी केली, आणि पुढच्या दुरुस्तीसाठी ती चक्क उडवत बंगळूरला नेली. बाहेरचे जाणकार म्हणे मान हलवत होते, ही काही उडत नाहीत. ती उडाली. आपल्या देशाचं पहिलं बॉम्बर पथक त्या जोडलेल्या विमानांवर उभं राहिलं आणि पुढं वीसेक वर्षं त्यांनी चाकरी केली. मामाजींच्या वाट्याला आला तो उतारवयाचा काळ. बॉम्बपेक्षा समुद्रावरची गस्तच जास्त. तासन्‌तास खाली पाणी, वर आभाळ. त्या विमानाच्या पोटाची दारं दुकानाच्या शटरसारखी गुंडाळून वर जायची, आणि आत मधोमध एक पाय ठेवण्यापुरती अरुंद पट्टी होती. हे सांगताना मामाजी घरात उठून उभे राहायचे आणि फरशीच्या एका रेघेवरून चालून दाखवायचे.

त्यांना काम शिकवलं ते एका वयस्क सरदारजींनी. तो माणूस कानपूरच्या भंगारात काम केलेला. त्यांचा दंडक असा, की मोठी दुरुस्ती झाली की पहिल्या चाचणी-उड्डाणाला ज्यानं दुरुस्त केलं त्यानं आत बसायचं. सरदारजी कुणाला विचारायचे नाहीत, नुसतं बोटानं दाखवायचे, चढ. मी एकदा मामाजींना विचारलं होतं, "भेव नव्हता लागत?" ते म्हणाले, "लागे ना. भेव लागला म्हन्जे मानूस रिवेट बराबर ठोकते."

साठच्या दशकाच्या अखेरीला ती विमानं निवृत्त झाली. जेट केव्हाच आली होती. काही लिबरेटर परदेशांतल्या म्युझियमांनी मागून नेली, त्यात अमेरिकाही होती, आणि यावर मामाजी काय बोलायचे ते इथं छापता येणार नाही. त्यांचीही नोकरी थोड्याच दिवसांत संपली. ते मूलला परत आले, रस्त्याच्या कडेला शटर लावून वर्कशॉप काढलं आणि सरदारजींचा दंडक इथं लागू केला. कुणाचा ट्रॅक्टर असो, धानगिरणीचा पट्टा असो, शाळेतला पंखा असो, आधी आपण बसायचं किंवा आधी आपण खाली उभं राहायचं. ज्यांच्या घरी त्यांना पाणी वेगळ्या लोट्यातून मिळायचं, त्यांच्या नव्याकोऱ्या ट्रॅक्टरच्या सीटवरही दुरुस्तीनंतर पहिले मामाजीच बसायचे, आणि मालक खाली उभा राहून बघायचा. मामाजींना यात मजा वाटायची की नाही, माहीत नाही. मला वाटायची.

हा दंडक एकदा चांगलाच अंगाशी आला. जत्रेतल्या लाकडी झुल्याचा, म्हणजे मोठ्या रहाटपाळण्याचा, एक दांडा मोडला. मामाजींनी लोखंडी पट्ट्या मारून तो सांधला आणि नेहमीप्रमाणे एकटेच पाळण्यात जाऊन बसले. आता झुला हातानं फिरवायचा, आणि चारही पाळण्यांत एकटं माणूस. पाळणा वर गेला आणि आसाची खीळ अडकून तिथंच थांबला. खाली झुलेवाले लोंबकळताहेत, घाम गाळताहेत, झुला हलायला तयार नाही. सगळी जत्रा माना वर करून उभी. मामाजींनी काय करावं? त्यांनी बिडी पेटवली आणि वरून लिबरेटरची गोष्ट सुरू केली. कानपूर, ट्रक, वाळू, सगळं. आईनं पदर तोंडावर घेतला. शेवटी रशीदभाई खांबावर चढले आणि खीळ ठोकून काढली. उतरल्यावर मामाजी एवढंच म्हणाले, "दांडा पक्का आहे. खीळ मी पाह्यली नाई."

त्यांनी माझा पहिला कॅलिपर केला तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. सरकारी दवाखान्यातून मिळालेला जड होता, जांघेत रुतायचा, मी तो लावताना रडायची. मामाजींनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवल्या, गुडघ्याला कडीचं कुलूप केलं, चामड्याचे पट्टे लावले. पण दंडक आड आला. एवढासा कॅलिपर त्यांच्या पायात जाणार कसा? त्यांनी तो हाताला बांधला आणि आमच्या अंगणात, हातापायांवर रांगत, एक चक्कर मारली. शेजारपाजारच्या बाया कुडाशी जमल्या. मी हसून हसून लोळले. मामाजी उठले, हाताला पडलेला लाल वळ बघितला आणि कॅलिपर बगलेत मारून निघाले. मी म्हटलं, "द्या ना मामाजी!" "आज नाई भेटत. रिवेटचं डोकं आतून घासून राह्यलं. मले दुखून राह्यलं तं तुले दुखनारच." दुसऱ्या दिवशी दिला. त्यानंतर माझा पाय वाढेल तसतसे ते कॅलिपर करत गेले आणि प्रत्येक आधी स्वतः हाताला नाहीतर पायाला बांधून चालले. मी डी.एड. झाले, नोकरीला लागले, ते मामाजींच्याच कॅलिपरवर. मला कधी घट्टा पडला नाही.

नव्वदच्या दशकात शिक्षकांच्या एका शिबिरासाठी मला दिल्लीला जायचं होतं, मामाजी सोबत आले. तिथल्या वायुदलाच्या म्युझियममध्ये एक लिबरेटर ठेवलंय. मला वाटलं आता हे रडणार, मी रुमालसुद्धा काढून ठेवला होता. ते दोरीपाशी उभे राहिले. विमान रंगवलेलं, चकाचक. त्यांनी वाकून त्याच्या पोटाची दारं बघितली. मग म्हणाले, "यात आता कोनी बसत नाई." आणि चहा प्यायला चालू लागले. मला त्यांचा राग आला होता, एवढ्या लांब येऊन असं एका वाक्यात आटोपल्याबद्दल. आता महिनाभर माझं स्वतःचंही तसंच चाललंय... एकेक वाक्य बोलते आणि कामाला लागते.

आमची शेवटची भेट ते जायच्या आदल्या रविवारची. माझ्या सध्याच्या कॅलिपरचं गुडघ्याचं कुलूप झिजलं होतं, चालता चालता सुटायचं. नवा कॅलिपर त्यांनी करायला घेतला होता, पट्ट्या वाकवून खिळ्याला टांगून ठेवल्या होत्या, रिवेट आणि पट्टे बाकी. मी म्हटलं, "आधी माझं करा ना, नावेचं नंतर." ते म्हणाले, "नावेत लोकं बसतेत, बाई. तू तं एकटी आहेस. तुले मी सांभाळून घेईन." असं म्हणून हसले. ते गेल्यावर विहारात वंदना झाली, सगळे घरी गेले, आणि मी वर्कशॉपात जाऊन त्या टांगलेल्या पट्ट्यांकडे बघत बसले. रशीदभाई म्हणाले, "मी करून देतो." मी नको म्हटलं. चिडूनच म्हटलं. तो अर्धवट कॅलिपर तसाच टांगलेला असला म्हणजे मामाजी नदीवर गेलेत, येतील, असं काहीतरी मी मनात धरून ठेवलं असावं. जुन्या कॅलिपरला तार गुंडाळून मी शाळेत जात राहिले.

गेल्या आठवड्यात शाळेच्या पायऱ्यांवर कुलूप सुटलं आणि मी पडले. कोपर फुटलं, पायाला फार लागलं नाही, पण वर्गातली मुलं घाबरून माझ्याकडे बघत होती आणि मला उठता येईना. यापुढं नोकरी कशी करायची, घराबाहेर कसं पडायचं, हे त्या पायरीवर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. संध्याकाळी मी वर्कशॉपात गेले आणि रशीदभाईंना म्हटलं, करा.

काल सकाळी त्यांनी बोलावलं. मी पोचले तेव्हा शटर अर्धंच उघडं होतं. शटर वर गेलं आणि रशीदभाई बाहेर आले. पन्नाशी उलटलेला, दाढी पांढरी झालेला, जाडजूड माणूस. पायजमा गुडघ्याच्या वर खोचलेला आणि त्यावर माझा कॅलिपर, मांडीपाशी पट्टा पुरला नाही म्हणून सुतळीनं बांधलेला. भर बाजारच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, ते वर्कशॉपापासून समोरच्या लिंबापर्यंत पाय ओढत चालत गेले, तिथं वळले आणि परत आले. कुणी हसलं. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. माझ्यासमोर येऊन खाली बसले, सुतळी सोडली, गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"बाई, इथी आतून लागून राह्यलं. आज नाई भेटत. उद्या या."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि पदर तोंडाशी घेऊन रडले, सगळ्या बाजारासमोर. रशीदभाईंनी कॅलिपर उचलला आणि कानस घेऊन आत गेले. आज शाळा सुटली की जायचं आहे.