गोंद लावलेले बोये

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिणं हे आपलं काम नव्हे असं अजूनही वाटतं. पण राग जात नाही, म्हणून लिहितोय.

बी.एस्सी.ला असताना आम्हाला हिस्टोनचं जनुक शिकवलं. एका पेशीतला डीएनएचा धागा माणसापेक्षा लांब असतो, तरी आत मावतो, कारण त्या जनुकापासून बनणारी हिस्टोन प्रथिनं. आठ प्रथिनांचा एक गोळा, त्याभोवती धाग्याचे जवळजवळ दोन वेढे, मग पुढचा गोळा. मुंबईच्या स्पर्धेसाठी मी त्याची प्रतिकृती केली. आमचं घर थळला, मासेमारीचं. आईकडून जाळं तरंगतं ठेवणारे बोये मागून आणले आणि त्यांवर नायलॉनचा दोर गुंडाळला.

"परत आनशील ना रं? का तुझ्या सरांना तरंगायचं हाय?" आई म्हणाली.

बोटीत दोर ठेवतात तसाच मी तो गुंडाळला होता. गाठ नाही, टोक ओढलं की वेढे सुटत जावेत असा. पेशीतही तसंच हवं असतं. धागा घट्ट राहिला तर जनुक मुकं राहतं, वाचायचं तर वेढा सैल व्हावा लागतो. स्पर्धेत मला एवढंच स्वतः सांगायचं होतं.

वर्गात आमच्या सरांनी प्रतिकृती उचलली आणि दोन वेढे निसटले.

"अरे, सुटतंय काय हे? कोळीवाड्यात असंच बांधतात?"

वर्ग हसला.

"सर, ते सुटायलाच..."

"चिकटव."

मी चिकटवलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बोयांवर गोंद ओतलेला, आणि स्पर्धेला माझ्याऐवजी दुसऱ्या मुलाचं नाव. मी पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. सरांनी पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तिथे इंग्रजीत विचारतात. तू तर मराठीतच अडखळतोयस."

रागाने अडखळत होतो मी! तेही त्यांना कळलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन हातात धरून बसलो. आई आत-बाहेर करत बोयांचंच विचारत होती. शेवटी त्या मुलाचा फोन आला. बिचारा खुशीत होता.

"दुसरा नंबर, भावा! एका परीक्षक मॅडमनी विचारलं, हा दोर सुटतो का? मी म्हटलं, नाही मॅडम, एकदम पक्का आहे. त्या खूश!"

"आणि बोये?"

"ते आता कॉलेजच्या काचेच्या कपाटात राहणार. सर म्हणाले."