किंगस्नेक आणि कडुलिंबाचा पाला

धाकटे भाऊजी परदेशी नोकरीला निघाले, तेव्हा पुण्यात त्यांनी पाळलेला किंगस्नेक कागदपत्रांसकट माझ्या गळ्यात पडला. "वहिनी, तुम्हीच सांभाळाल," म्हणाले. मला लहानपणापासून सापांचं भय नाही, हे त्यांना ठाऊक होतं. काचेची पेटी देवळाली प्रवऱ्याला आमच्या घरी आली आणि महाभारत सुरू झालं.

कारण साप दिसायला थेट मण्यार. काळाभोर, अंगावर पांढरे पट्टे. आणि सासूबाईंचा पाठचा भाऊ तरुणपणी मण्यार चावूनच गेलेला.

"येक तर त्यो ऱ्हाईल, न्हाईतर मी," सासूबाईंनी सांगून टाकलं. "मारायचा नसंल तर उसात सोड."

मी दोन्हीला नाही म्हटलं. हा अमेरिकेकडचा, बिनविषारी. विळखा घालून उंदीर मारतो, दुसरे सापही खातो. उसात सोडला तर एक तर उपाशी मरेल, नाहीतर आपल्याच धामणींवर ताव मारेल. चावत नाही का? चावतो की. मांजरही ओरबाडतं. आपल्याकडचा साप घरात ठेवणं गुन्हा आहे आणि मूर्खपणाही, हे मलाही कळतं. पण अंगावर घेतलेला जीव वाऱ्यावर सोडणं मला जमणार नव्हतं. पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. फार लागलं मनाला, तरी मी हटले नाही.

नागपंचमी आली. आदल्या दिवशी सासूबाईंनी भावाचा उपास धरला. भाऊ नसला तरी तो उपास त्या कधी मोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी वारुळाची पूजा करून परतणाऱ्या शेजारणी आमच्या दारात वळल्या. एरवी या सापाच्या नावानं बोटं मोडणाऱ्या बायका आज हळदकुंकू घेऊन हजर! "अहो, साप दूध पीत नाही," म्हणेपर्यंत एकीनं पेटीच्या जाळीतून दूध-लाह्या ओतल्यासुद्धा. साप बिथरला. दूध पुसायला मी कुलूप काढून हात घातला आणि त्यानं अंगठ्याखाली कडकडून चावा घेतला.

रक्त आलं. बायका किंचाळत अंगणात पळाल्या. मी त्याला हळूच सोडवलं, कुलूप लावलं, साबणानं हात धुतला. घाबरले मीही होते, खोटं कशाला सांगू. यजमान गाडी काढायला धावले.

"रानातला साप असता तर तुमच्याआधी मी गाडीत बसले असते," मी म्हटलं. "याला विष नाही." आणि ताट वाढून पुरणाची दिंडं खायला बसले.

सासूबाई कडुलिंबाची डहाळी घेऊन आल्या.

"खा. नीट चाव. कडू लागतंय का?"

विष भिनलं की पाला गोड लागतो, असं आमच्याकडे मानतात. विषाची पारख अशी होत नाही, हे मी त्यांना कितीदा सांगितलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मूठभर पाला तोंडात कोंबला.

"कडू आहे, आई. जीभ झडायची वेळ आलीय."

"खरं सांग."

"तुमची शप्पथ."

दुपारभर त्यांनी मला डोळा लागू दिला नाही. मधूनमधून पाला पुढे करायच्या, मी मुकाट्यानं चावायचे. दिवस कलला तरी मी ठणठणीत होते.

तेव्हा त्या पहिल्यांदाच पेटीजवळ गेल्या. बराच वेळ आत बघत उभ्या राहिल्या.

"माझ्या भावाला मीच पाला चारला हुता," त्या म्हणाल्या. "कडू लागतंय का रं, म्हनून इचारलं. त्यो म्हनला, गोड लागतंय, आक्का."

त्यांनी पदरानं काचेवरचे दुधाचे ओघळ पुसले.

"ऱ्हाऊ दे त्याला हितंच," त्या म्हणाल्या. "पन किल्ली माझ्याकडं दे."

मी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.